पडद्यावरचा खंदक : मूकपटांनी युद्ध कसं विकलं

खंदकाच्या कडेवर सैनिक चढतात. पहिला वर पोहोचतो, दुसरा पोहोचतो, तिसरा अर्ध्यावरूनच मागे घसरतो आणि मातीच्या उतारावर पालथा पडून राहतो. बाकीचे मागे न बघता पुढे जातात. पुढच्या तुकड्यात धूर आहे, काटेरी तार आहे आणि तारेपाशी एकदोघे कोसळतात. सगळं मिळून काही सेकंदांचं हे दृश्य. पहिल्या महायुद्धावरचा माहितीपट पाहिला असेल तर ते तुम्ही नक्की पाहिलंय, बहुतेकदा 'सोमच्या लढाईचं प्रत्यक्ष चित्रण' म्हणूनच. (सोम ही उत्तर फ्रान्समधली नदी; १९१६ मध्ये तिथे ब्रिटिश आणि जर्मन फौजा महिनोन्महिने लढल्या.)

ते खोटं आहे. आघाडीपासून लांब, बहुधा उत्तर फ्रान्समधल्या सँ-पोलजवळच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रात, सरावाच्या खंदकात ते चित्रित केलं गेलं. १९१६ च्या 'द बॅटल ऑफ द सोम' या ब्रिटिश मूकपटातलं हे दृश्य. पण सव्वा तासाच्या आसपासच्या त्या चित्रपटातला जवळजवळ बाकी सगळा भाग खरा आहे. खऱ्या तोफा, खरे जखमी, खरी प्रेतं. प्रचाराचं मोठं काम त्या खोट्या सेकंदांनी केलेलं नाही, ते या खऱ्या भागानेच केलं. हे कसं घडलं ते समजलं की त्या काळातला कुठलाही युद्धपट उलगडता येतो.

आधी कॅमेऱ्याकडे बघू, कारण अर्ध्या गोष्टी तिथेच ठरतात.

सोमच्या आघाडीवर दोनच अधिकृत कॅमेरामन होते : ज्योफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल. मॅलिन्सकडचा मुख्य कॅमेरा म्हणजे मॉय अँड बॅस्टी कंपनीची लाकडी पेटी. ती तिपाईवर बसवायची आणि बाजूचं हँडल हाताने फिरवायचं. एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे सरकायच्या. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा चौकटी, हा त्या काळचा सर्वसाधारण वेग. ३५ मिलीमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म खर्च होते. चारशे फुटांची डबी लावली तर पावणेसात मिनिटांच्या आत ती संपणार. नवी डबी बसवताना फिल्मला उजेड लागता कामा नये, आणि हे सगळं खंदकात, चिखलात, वरून गोळे पडत असताना.

हँडल फिरवायला एक हात अडकलेला असतो, म्हणून कॅमेरा वळवायला दुसरा. हातात धरून पळत पळत चित्रण करणं या पेटीला जमत नाही. दाबलेल्या हवेवर चालणारा 'एरोस्कोप' नावाचा हलका कॅमेरा निघाला होता, तो हातात धरता यायचा, पण मुख्य भिस्त तिपाईवरच्या पेटीवरच होती. आता तिपाई उभी करायची म्हणजे माणसाचं डोकं आणि पेटी खंदकाच्या कडेच्या वर आली. समोर जर्मन नेमबाज. शिवाय दूरचं जवळ आणणारी भिंगं जवळपास नव्हतीच. अर्ध्या मैलावरून हल्ला टिपला तर पडद्यावर मुंग्या दिसतात. पहाटेच्या अंधूक उजेडात तेवढंही दिसत नाही, कारण तेव्हाची फिल्म मंद होती आणि लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नसे.

म्हणजे प्रेक्षकाला जे पाहायचं असतं, आपला पोरगा खंदकातून वर चढून शत्रूवर तुटून पडतानाचा तो क्षण, तोच नेमका या कॅमेऱ्याला टिपता येत नाही. सरावाच्या खंदकाची गरज तिथून निर्माण झाली. खोटेपणाची हौस हे कारण असेलही, पण पहिलं कारण यंत्राची मर्यादा हेच.

ही युक्ती नवी नव्हती. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात न्यूयॉर्कच्या व्हायटाग्राफ कंपनीच्या जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी इमारतीच्या गच्चीवर एक फिल्म तयार केली. स्पेनचा झेंडा खाली ओढला जातो, अमेरिकेचा वर चढतो, खलास. तेवढ्यावर लोक खूश झाले. सँटियागोच्या आरमारी लढाईचं चित्रण तर पाण्याच्या उथळ टाकीत जहाजांची कापलेली चित्रं तरंगवून आणि सिगारचा धूर सोडून केलं, असं या मंडळींनी पुढे स्वतःच सांगितलं. तेव्हा प्रेक्षकालाही 'खरं' आणि 'करून दाखवलेलं' यांत फारसा फरक वाटत नसे. वर्तमानपत्रातली युद्धाची चित्रंही चित्रकारच काढायचे. १९१६ पर्यंत मात्र लोक 'अधिकृत चित्रण' या दोन शब्दांवर विश्वास ठेवायला शिकले होते. गच्चीवरचा झेंडा आणि सँ-पोलचा खंदक यांत फरक आहे तो हा.

बनावट दृश्य ओळखायचं कसं? वरच्याच दृश्यावर चालवून पाहा. पहिला प्रश्न : कॅमेरा कुठे ठेवलाय? इथे तो खंदकाच्या कडेशी, उघड्यावर आहे. खरा हल्ला असता तर कॅमेरामन पहिल्या मिनिटातच गेला असता. दुसरा : अंगावर ओझं काय? लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलैला, बहुतेक सैनिकांच्या अंगावर तीसेक किलोंचा भार होता; फावडी, बाँब, जादा काडतुसं, पाणी. या दृश्यातले सैनिक मोकळ्या पाठीने चढतात. तिसरा : खंदकाची खोली आणि तारेची दाटी. इथला खंदक उथळ आहे, तार विरळ. चौथं म्हणजे कोसळलेल्या माणसावरून नजर हलवू नका. तारेपाशी 'मेलेल्यां'पैकी एकजण पडल्यावर पाय नीट करून घेतो. पडताना अवघडला असणार बिचारा.

आता खऱ्या भागाकडे. प्रचाराचं खरं कौशल्य तिथेच आहे.

१ जुलै १९१६. मॅलिन्स आघाडीच्या उत्तर भागात, बोमाँ-हामेल गावासमोर. तिथल्या हॉथॉर्न रिज या टेकाडाखाली ब्रिटिश सुरुंगवाल्यांनी बोगदा खणून अठरा टनांहून जास्त अमोनल हे स्फोटक भरून ठेवलं होतं. स्फोटाची वेळ सकाळी ७ वाजून २० मिनिटं. मॅलिन्सने वेळेच्या जरा आधीच हँडल फिरवायला सुरुवात केली. फिल्म सरत चालली, स्फोट होईना, डबी आधीच संपते की काय अशी धास्ती त्याला वाटली, असं त्याने नंतर लिहिलंय. मग जमीन फुगली आणि मातीचा काळा डोंगर आभाळात चढला. त्या सगळ्या युद्धातलं सर्वाधिक परिचित झालेलं हे दृश्य, आणि शंभर टक्के खरं.

चित्रपट जे सांगत नाही ते असं : हल्ल्याची वेळ ७.३० होती. सुरुंग दहा मिनिटं आधी उडवला, म्हणजे जर्मनांना सरळसरळ आवतणच मिळालं. ते तळघरांतून वर आले, मशीनगना लावल्या आणि वाट पाहत बसले. त्याच भागातल्या एका खोलगट रस्त्यात लँकेशायर फ्युजिलियर्स या ब्रिटिश पलटणीचे सैनिक हल्ल्याआधी बसलेले मॅलिन्सने टिपले आहेत. चेहरे अगदी जवळून दिसतात. कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसतो, कुणी नुसता बघत राहतो. तासाभरात हे लोक त्या रस्त्यातून वर आले आणि त्या एका बटालियनचे साडेचारशेहून अधिक मारले गेले किंवा जखमी झाले. संपूर्ण आघाडीवर त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे ५७,४७० जण कामी आले किंवा जायबंदी झाले. त्यांतले १९,२४० मृत. बोमाँ-हामेल त्या दिवशी हाती आलंच नाही.

मॅकडॉवेल मात्र दक्षिणेला होता, मामेत्झ गावाच्या बाजूला. तिथला हल्ला बऱ्यापैकी यशस्वी झाला. जिंकलेले जर्मन खंदक, कैद्यांच्या रांगा, उद्ध्वस्त मोर्चे ही दृश्यं मुख्यतः त्या बाजूची. म्हणजे हातात आलेल्या फिल्ममध्ये हल्ल्याची उत्तरेकडची तयारी होती आणि विजयाचा दक्षिणेकडचा पुरावा. लंडनमध्ये चित्रपटनिर्माते चार्ल्स अर्बन आणि मॅलिन्स यांनी ती सलग जोडली : तोफांचा भडिमार, सुरुंग, हल्ला, जखमी, कैदी, पुढे निघालेल्या ताज्या पलटणी. पडद्यावर एकच लढाई दिसते आणि ती जिंकलेली दिसते. एकही चौकट खोटी न घालता नुसत्या क्रमाने निकाल बदलता येतो. सरावाच्या खंदकातली ती चिमूटभर सेकंदं या दोन टोकांमधला पूल म्हणून वापरली. ती नसती तर 'तयारी' आणि 'कैदी' यांच्या मधलं भगदाड डोळ्यांत आलं असतं.

पूल बांधायला आणखी एक वस्तू होती : पाटी. मूकपटात दृश्याआधी पडद्यावर चार ओळी येतात, आणि दृश्याचा अर्थ तिथेच ठरतो. हल्ल्याआधीची पाटी म्हणते की इशारा होताच सोळा मैलांच्या आघाडीवर ब्रिटिश सैनिक कडेवरून झेपावले. पाठोपाठ दिसतात सरावाच्या खंदकातले मूठभर लोक. सोळा मैल पाटीने दाखवले, कॅमेऱ्याने नव्हे.

पाटीचं काम किती बारीक असतं त्याचे दोन नमुने. एका दृश्यात एक सैनिक जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन खंदकातून येतो आणि कॅमेऱ्यासमोरून जाताना थेट आपल्याकडे बघतो. पाटी सांगते : गोळ्यांच्या माऱ्यात साथीदाराला वाचवणारे आपले सैनिक; हा माणूस खंदकात पोहोचल्यावर अर्ध्या तासाने वारला. दुसऱ्या ठिकाणी मैदानात एका मेलेल्या सैनिकाजवळ मेलेला कुत्रा पडलाय. पाटी म्हणते, मँचेस्टर पलटणीचा लाडका कुत्रा, धन्याबरोबर धारातीर्थी पडला. मृत्यू लपवलेला नाही. पण प्रत्येक मृत्यूला पाटीने लगेच एक नाव दिलंय, तिकडे मैत्री, इकडे इमान. पाट्या झाकून तेच तुकडे पाहिले की नुसतं प्रेत आणि नुसता कुत्रा उरतो. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं, बाकी अर्थ काही लागत नाही.

शत्रूबद्दलही हा चित्रपट आश्चर्य वाटावं इतका सौम्य आहे. जखमी जर्मनाला पाणी दिलं जातं, कैद्याला सिगारेट मिळते. ही दया खरी असेलही. पण ती पाहून प्रेक्षक काय समजतो? आपली बाजू माणुसकीची आहे. शत्रूला शिवी न देता स्वतःची आरती करून घेण्याचा हा प्रकार.

आणि आवाज. मूकपट शांततेत कधीच दाखवले जात नसत. थिएटरच्या ऐपतीप्रमाणे एक पियानो, तीनचार वादक किंवा पूर्ण वाद्यवृंद. 'बायोस्कोप' या धंद्याच्या साप्ताहिकात जे. मॉर्टन हचिसन यांनी या चित्रपटासाठी कुठल्या प्रसंगाला कुठली धून वाजवावी याची यादीच दिली होती. कूच करणाऱ्या पलटणींना मार्च, जखमींना संथ सूर. पण यादी पाळली जाईलच याची खात्री नव्हती. गावातला पियानोवाला जखमींच्या दृश्यावर उडती चाल वाजवत राहिला की सगळा परिणाम मातीमोल. त्यामुळे एकाच चित्रपटाने एका थिएटरात रडू आणलं असेल आणि शेजारच्या गावात नुसती शिट्टी मिळवली असेल.

चित्रपट १० ऑगस्ट १९१६ ला लंडनच्या स्काला थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला. युद्धमंत्री लॉईड जॉर्ज यांचं पत्र तिथे वाचून दाखवलं : हा चित्रपट पाहा, इतरांना दाखवा. २१ ऑगस्टपासून तो लंडनच्या थिएटरांत आणि पुढच्या आठवड्यात इतर शहरांत लागला. पहिल्या सहा आठवड्यांत दोन कोटी तिकिटं विकली गेली असा अंदाज सांगितला जातो, आणि ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साडेचार कोटींच्या आसपास होती. एक गोष्ट विसरू नका : लढाई तेव्हा चालूच होती. ती १८ नोव्हेंबरपर्यंत चालली. म्हणजे प्रेक्षक निकाल न लागलेल्या लढाईचं 'चित्रण' बघत होते, आणि रोजच्या पेपरात मृतांच्या याद्या छापून येत होत्या. अनेक बायका आपला माणूस पडद्यावर क्षणभर तरी दिसतो का हे बघायला जात.

वादही झाला. डरहॅमच्या कॅथीड्रलचे डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हेन्स्ली हेन्सन यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून विचारलं की लोकांच्या मरणाकडे करमणूक म्हणून बघायचं का? लंडनच्या एका थिएटरमालकाने तर दारावर सूचना लावली की हे मनोरंजनाचं ठिकाण आहे, भीतीचं कोठार नव्हे, म्हणून हा चित्रपट इथे लागणार नाही. दुसऱ्या बाजूला लॉईड जॉर्ज यांच्या सचिव फ्रान्सेस स्टीव्हन्सन. त्यांचा भाऊ आदल्या वर्षी युद्धात गेला होता. तो कशातून गेला असेल ते आता कळलं, पाहिलं ते बरं झालं, अशा आशयाचं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. सरकारला हेच हवं होतं. दुःख लपवायचं नाही, त्याला दिशा द्यायची. 'युद्ध वाईट असतं' याऐवजी 'त्याचं बलिदान वाया जाऊ द्यायचं नाही' असं मनात घेऊन माणूस बाहेर पडला पाहिजे.

पण ही मात्रा दुसऱ्यांदा तेवढी लागू पडत नाही. जानेवारी १९१७ मध्ये रणगाडे दाखवणारा आंकरच्या लढाईचा चित्रपट आला, तो चालला. जूनमध्ये आरासचा आला तोवर लोक कंटाळले होते. तोच चिखल, त्याच तोफा, तेच हसणारे सैनिक. मॅक्स एटकिन, म्हणजे लॉर्ड बीव्हरब्रुक, यांच्या सरकारी युद्धपट समितीने मग मोठ्या चित्रपटांचा नाद सोडून छोट्या वृत्तचित्रांकडे मोर्चा वळवला. पाच-दहा मिनिटांचा डोस, ठरावीक दिवसांनी, दुसऱ्या करमणुकीच्या आधी. प्रचाराच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हणायची.

जर्मनीने सोमच्या चित्रपटाला उत्तर दिलं ते जानेवारी १९१७ मध्ये, 'सोमवरच्या आपल्या वीरांसोबत' अशा अर्थाच्या नावाने. त्यातही बराचसा भाग आघाडीमागच्या सरावाचा होता. पण आपण मागे पडलो हे जर्मन सेनानींना कळलं होतं. त्याच महिन्यात सैन्याने 'बुफा' हे चित्र आणि चित्रपट कार्यालय काढलं, जुलैमध्ये जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने चित्रपटधंदा एकत्र आणण्याची मागणी लेखी केली आणि डिसेंबर १९१७ मध्ये अडीच कोटी मार्कांच्या भांडवलावर 'उफा' ही कंपनी उभी राहिली. युद्ध संपायला आलं होतं, त्यामुळे प्रचाराला तिचा फारसा उपयोग झाला नाही. पुढच्या दशकात जर्मन मूकपटांनी जगात नाव काढलं ते मात्र बरंचसं या कंपनीच्या स्टुडिओंत.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे माहितीपटापेक्षा गोष्ट चालायची, आणि गोष्टीत खलनायक लागतो.

अमेरिका युद्धात उतरण्याआधीच, १९१५ मध्ये, गच्चीवर झेंडा फडकवणाऱ्या त्याच ब्लॅकटन यांनी न्यूयॉर्कवर परकीय फौजा चालून येतात असा चित्रपट काढला. त्याला आधार होता हडसन मॅक्सिम यांच्या पुस्तकाचा. हे मॅक्सिम स्फोटकांचे संशोधक. 'तयारी करा, शस्त्रं घ्या' हा चित्रपटाचा संदेश आणि शस्त्रांशी संबंध असलेला लेखक! हेन्री फोर्ड यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन यावर बोट ठेवलं, आणि व्हायटाग्राफने त्यांच्यावर दावा लावला. प्रचारपट पाहताना 'पैसा कुणाचा' हा प्रश्न किती जुना आहे पाहा.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि आठवड्याभरात जॉर्ज क्रील यांची लोकमाहिती समिती स्थापन झाली. या समितीने मूकपटाच्या एका तांत्रिक अडचणीचा असा वापर केला की दाद द्यावी. ज्या थिएटरात प्रोजेक्टर एकच, तिथे रीळ बदलायला चारेक मिनिटं लागतात. पडदा पांढरा, प्रेक्षक खुर्चीत अडकलेले. तेवढ्या वेळात गावातलाच एखादा वकील, शिक्षक किंवा दुकानदार उठून भाषण करायचा : कर्जरोखे घ्या, अन्न वाचवा, भरती व्हा. यांना 'फोर मिनिट मेन' म्हणत. देशभर पंचाहत्तर हजार वक्ते. विषय आणि मुद्दे वॉशिंग्टनहून छापून यायचे, बोली आणि चेहरा मात्र गावचा. मला विचाराल तर त्या काळातलं प्रचाराचं सगळ्यात परिणामकारक साधन पडद्यावर नव्हतंच, ते दोन रिळांच्या मधल्या रिकाम्या वेळात होतं.

पडद्यावर मात्र हात सैल सुटला होता. १९१८ च्या मार्चमध्ये रूपर्ट ज्युलियन यांचा कैसरवरचा, म्हणजे जर्मन सम्राटावरचा, चित्रपट आला, त्याच्या नावातच कैसरला 'बर्लिनचा पशू' म्हटलेलं. त्याच महिन्यात डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'हार्ट्स ऑफ द वर्ल्ड'. ग्रिफिथ ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून थेट फ्रान्सची आघाडी पाहून आले होते आणि नाटक म्हणून खरं युद्ध निराशाजनक आहे असं त्यांचं मत पडलं. जे कॅमेऱ्यामागे मॅलिन्सला कळलं तेच यांना : माणसं जमिनीखाली, समोर ओसाड रान, दिसत काही नाही. मग चित्रपटाचा मोठा भाग अमेरिकेत परत येऊन स्टुडिओत उभारला.

या सगळ्याचं टोक म्हणजे 'द हार्ट ऑफ ह्युमॅनिटी'. जर्मन अधिकाऱ्याच्या भूमिकेत एरिक फॉन स्ट्रोहाइम. खोलीत एक रेडक्रॉसची परिचारिका, एक तान्हं बाळ. बाळ रडतं. अधिकाऱ्याला त्याचा व्यत्यय होतो, म्हणून तो ते उचलतो आणि खिडकीतून बाहेर फेकतो. बेल्जियममधल्या नागरिकांवर जर्मन फौजेने १९१४ मध्ये खरोखर अत्याचार केले होते, शेकडो लोक भिंतीला लावून मारले होते. तसल्या थंड, कागदोपत्री क्रौर्याचं चित्रण अवघड. खिडकीतून फेकलेलं बाळ सोपं. आणि गंमत म्हणजे हा चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा युद्धविराम होऊन गेला होता. द्वेषाचा माल तयार, गिऱ्हाईक गेलेलं. त्या युद्धातल्या अशा अतिरंजित कथांचा एक वाईट परिणाम पुढे झाला : १९३० आणि ४० च्या दशकांत नाझी अत्याचारांच्या खऱ्या बातम्या आल्या तेव्हा 'मागच्या वेळसारखाच प्रचार' म्हणून अनेकांनी त्या झटकल्या.

चार्ली चॅप्लिनने १९१८ मध्येच युद्धाच्या कर्जरोख्यांसाठी स्वखर्चाने 'द बॉन्ड' हा दहाएक मिनिटांचा चित्रपट केला. काळ्या पार्श्वभूमीवर मोजकी पांढरी नेपथ्यचित्रं, आणि शेवटी 'लिबर्टी बाँड्स' लिहिलेल्या भल्यामोठ्या लाकडी हातोड्याने कैसरच्या डोक्यात टोला. संपूर्ण अर्थशास्त्र एका हातोड्यात. प्रचार इतका उघड असला की तो फसवत नाही, म्हणून हा लहानगा चित्रपट आजही हसत बघता येतो.

ज्याला हसता आलं नाही तो रॉबर्ट गोल्डस्टीन. लॉस एंजेलिसमध्ये चित्रपटांना पोशाख पुरवण्याचा त्याचा धंदा. त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर 'द स्पिरिट ऑफ सेव्हंटीसिक्स' काढला. अगदी देशभक्तीचा विषय! त्यात १७७८ च्या वायोमिंग खोऱ्यातल्या हत्याकांडात इंग्रज सैनिक बायकापोरांवर अत्याचार करताना दाखवले होते. पण १९१७ मध्ये ब्रिटन मित्रराष्ट्र. मित्राबद्दल द्वेष पसरवून सैन्याच्या कामात अडथळा आणला म्हणून हेरगिरीविरोधी कायद्याखाली फिल्म जप्त झाली आणि गोल्डस्टीनला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी पुढे ती तीन वर्षांवर आणली. तीच गोष्ट चार वर्षं आधी पडद्यावर आली असती तर शाळेतली पोरं रांगेने नेऊन दाखवली असती.

आज हे चित्रपट बघायचे असतील तर वेगाकडे लक्ष ठेवा. सेकंदाला सोळा चौकटींनी टिपलेली फिल्म नंतरच्या बोलपटाच्या यंत्रावर, चोवीस चौकटींनी चालवली की सगळं दीडपट जोरात पळतं. सैनिक तुरुतुरु चालतात, तोफा खेळण्यातल्या वाटतात, मरणही विनोदी होतं. हा दोष चित्रपटाचा नाही, दाखवणाऱ्याचा. सोमचा चित्रपट १९२० मध्ये लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आला. मूळ फिल्म नायट्रेटची, म्हणजे जळाऊ आणि काळाबरोबर आपोआप नासणारी. १९३० च्या आसपासच तिची लक्षणं बिघडली म्हणून तातडीने प्रत काढावी लागली. आता दुरुस्त केलेली, योग्य वेगाची प्रत मिळते, तीच पाहा. आणि एकदा पाट्या व संगीत दोन्ही बंद करून पाहा. प्रचार कुठे चिकटवलाय ते तेव्हा जाणवतं.

आपल्याकडचा धागा छोटा आहे, पण आहे. हिंदी सैनिक १९१४-१५ मध्ये फ्रान्समध्ये लढले, त्यांच्यावर ब्रिटिशांनी १९१६ मध्ये स्वतंत्र प्रचारपटही काढला. सोमच्याच लढाईत १४ जुलैला हाय वूड या जंगलापाशी डेक्कन हॉर्स या हिंदी घोडदळाच्या स्वारांनी भाले सरसावून घोडदौड केली. सोमच्या चित्रपटात ती नाही. चित्रीकरण तोवर आटोपलं होतं. मग १९१८ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि १९२० पासून मुंबईसकट मोठ्या शहरांत सेन्सॉर मंडळं बसली. पडदा काय करू शकतो हे सरकारने युद्धात स्वतः करून पाहिलेलं होतं.

त्याच पडद्यावर कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' आणला. कथा हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली, तानाजीची, आणि रात्रीच्या चढाईसाठी दिव्यांचा कृत्रिम उजेड वापरलेला. सतराव्या शतकातला किल्ला, मोगलांचा किल्लेदार, यात सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नव्हती. थिएटरातल्या माणसाला मात्र शत्रू कोण ते सांगायला पाटीची गरज पडत नव्हती. १९३० मध्ये प्रभातने शिवाजीमहाराजांवर मूकपट केला, व्ही. शांताराम स्वतः महाराजांच्या भूमिकेत. नाव ठेवलं 'स्वराज्य तोरण'. मिठाचा सत्याग्रह चालू असतानाचं ते वर्ष, आणि 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरला झेपला नाही. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. शेवटी महाराज किल्ल्यावर झेंडा चढवतात ते दृश्यही कापलं गेलं.